लसणाची पात, लसणाचा दांडा आणि तेलाची बाटली

पेपर वाचताना तुम्ही थेट निष्कर्षावर उडी मारत असाल, तर आज जरा ‘मटेरियल्स अँड मेथड्स’वर थांबू. आणि त्यासाठी भाजीबाजारातलंच उदाहरण घेऊ.

‘गार्लिक स्केप’ हा शब्द परदेशी रेसिपींमध्ये सतत येतो. मराठीत आणताना बरेच जण ‘लसणाची पात’ लिहून मोकळे होतात. पण पात म्हणजे पानं, आणि स्केप म्हणजे फुलाचा दांडा, पुष्पदंड. तो गड्ड्याच्या मधून वर येतो, गोल वळतो आणि टोकाला कळीसारखी गाठ धरतो. त्या गाठीत फुलांबरोबर छोट्या कंदिका तयार होतात. दांडा कोवळा आणि वळलेला असतानाच खुडतात. सरळ ताठ व्हायला लागला की तो चिवट होतो. खुडल्यामुळे खालचा गड्डा चांगला पोसतो, म्हणून शेतकऱ्याला दुहेरी फायदा. चीन-जपानमध्ये हे दांडे ही रोजची भाजी आहे.

मग थंडीत नेरुळ-वाशीच्या भाजीवाल्यांकडे हिरव्या लसणाच्या जुड्या दिसतात, पण दांडे का दिसत नाहीत? लसणाचे ढोबळमानाने दोन प्रकार: हार्डनेक आणि सॉफ्टनेक. हार्डनेकला दांडा हमखास येतो, पण त्याला लांबलचक थंडी लागते. आपल्या मैदानी भागातला लसूण लहान दिवसांत गड्डा धरणारा आहे, आणि तो सहसा दांडा काढतच नाही. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती अशा हवामानासाठीच्या. उलट ॲग्रीफाउंड पार्वती ही जात डोंगराळ, थंड भागासाठी. म्हणजे नवी मुंबईत स्केपची रेसिपी वाचून तुम्ही जे आणाल, ती बहुधा पातच असेल. हरकत नाही, फक्त वेळा बदला. दांडा फरसबीसारखा परततात, त्याला काही मिनिटं शिजायला लागतात. पात तेवढा वेळ कढईत ठेवली तर तिचा चोथा होतो. पांढरा भाग आधी फोडणीत, हिरवा भाग गॅस बंद करताना. बाजरीच्या भाकरीच्या पिठात, ठेच्यात किंवा उंधियूत तर उत्तमच.

आता वासाचं रसायन. अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो. पेशीत ॲलिइन एकीकडे आणि ॲलिनेज हे एन्झाइम दुसरीकडे, म्हणजे रिक्तिकेत, कोंडलेलं असतं. चिरलं की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. हे ॲलिसिन कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ साली वेगळं करून दाखवलं. एन्झाइम उष्णतेने निकामी होतं, म्हणून ‘आधी चिरा, दहा मिनिटं थांबा, मग शिजवा’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याचा एक आधार म्हणजे २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. पण तो ठेचलेल्या गड्ड्यावर, मायक्रोवेव्हमध्ये आणि रॅटवर केलेला होता. तो पातीला, कढईत, माणसाला लागू पडतो का? कदाचित पडेल. पण त्या पेपरने ते दाखवलेलं नाही. गाइडने व्हायव्हाला नेमकं हेच विचारलं तर काय सांगाल, ते आत्ताच ठरवा.

साठवणीत मात्र गड्डा, पात, दांडा हा भेद कामाला येत नाही, आणि इथे चूक महागात पडू शकते. जुडी स्वस्त मिळाली की अनेक जण ती वाटून, वर तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवतात. तेलाने हवा बंद होते, म्हणून टिकेल, असा हिशोब. पण क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू मातीत असतात, लसूणही मातीतच वाढतो. ओला लसूण, पीएच ४.६ च्या वर, हवा नाही, खोलीचं तापमान: त्याला हवं ते सगळं आपण बरणीत भरून देतो.

हे पुस्तकी भय नाही. १९८५ साली व्हँकुव्हरमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये सोयाबीन तेलातल्या चिरलेल्या लसणाची बाटली फ्रिजबाहेर राहिली. त्यातून ३६ जणांना बोटुलिझम झाला. रुग्ण कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्स अशा तीन देशांत विखुरले होते, त्यामुळे बराच काळ कुणालाच धागा जुळवता आला नाही. काहींना तर भलत्याच आजारांची निदानं मिळाली. हा पेपर मिळवून वाचा. साथरोगाचा शोध कसा घेतात, हे त्यातून कुठल्याही टेक्स्टबुकपेक्षा छान कळतं.

वास घेऊन किंवा चव बघून हे विष ओळखता येत नाही, म्हणून चाखून बघू नका. घरच्या उकळीने बीजाणू मरत नाहीत. त्याला प्रेशरखाली १२१ अंशांच्या आसपास तापमान लागतं. वरून लिंबू पिळलं तरी आम्ल आतपर्यंत सारखं पोचेल याची खात्री नसते. तेलातला ओला लसूण फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. त्यापुढे फ्रीझर. आजीची सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी याच कसोटीवर बसते: त्यात पाणीच इतकं कमी असतं की जिवाणूला वाढता येत नाही. तिला धोका खोबरं खवट होण्याचा.

साधी पात ठेवायची तर न धुता, मुळांसकट कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर बरी राहते. धुतलेली पात आपल्या दमट हवेत लगेच चिकट होते. जास्त असेल तर धुवा, पूर्ण कोरडी करा, चिरा आणि लहान पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे करकरीतपणा जातो, चव बऱ्यापैकी राहते. वापरताना वितळू देऊ नका, पुडी थेट गरम कढईत सोडा.