‘दूध पुरत नाही’ : सूतिकेची तक्रार आणि स्तन्यपानाची वारंवारता

प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चिकित्सालयात येणारी नेहमीची तक्रार म्हणजे ‘दूध पुरत नाही’. बहुधा सूतिका स्वतः बोलत नाही. सोबत आलेल्या सासूबाई किंवा आई बोलतात. ‘‘वैद्यबुवा, आत्ता पाजलं की तासाभरात पुन्हा रडतंय. हिला दूधच नाही.’’ आपण तत्परतेने शतावरी कल्प लिहून देतो, आणि पुष्कळदा औषधालयातून त्याच पिशवीत पावडरच्या दुधाचा डबाही जातो. त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा : दिवसरात्र मिळून किती वेळा पाजता?

‘दर तीन-चार तासांनी’ असे उत्तर आले, तर निदान तेथेच झाले. पहिल्या काही आठवड्यांत बालकास २४ तासांत ८ ते १२ वेळा स्तन्यपान लागते. त्याचा आमाशय लहान, मातेचे दूध पचनास लघु; तेव्हा दीड-दोन तासांनी भूक लागणे हा प्रकृतिधर्मच होय. सायंकाळी तर काही बालके दर अर्ध्या तासाने मागतात. दोन-तीन आठवड्यांचे आणि पुन्हा सुमारे सहा आठवड्यांचे असताना बालकाची मागणी दोन-चार दिवस एकाएकी वाढते. वरचे दूध सुरू होते ते नेमके याच दिवसांत.

त्याचा परिणाम उलटा होतो. स्तनात दूध साठून राहिले की नवी निर्मिती मंदावते, आणि स्तन रिक्त होत गेला की ती वाढते. डब्याच्या दुधाने पोट भरलेले बालक कमी ओढते, म्हणून दूध कमी येते, आणि आठवड्याभरापूर्वी निराधार असलेली तक्रार खरी ठरते! रात्रीचे पाजणेही टाळू नये. दूधनिर्मितीस प्रेरक असणारा प्रोलॅक्टिन हा अंतःस्राव रात्री अधिक असतो.

एका वेळी किती मिनिटे पाजावे, याला घड्याळ लावू नये. ‘दहा मिनिटे उजवीकडे, दहा डावीकडे’ हा उपदेश अजूनही ऐकू येतो. एखादे बालक दहा मिनिटांत तृप्त होते, एखाद्यास चाळीस लागतात. स्तन रिक्त होत जाईल तसा दुधातील स्नेहांश वाढतो. म्हणून बालक आपणहून सोडेपर्यंत एकाच बाजूस पाजावे, मग दुसरी बाजू द्यावी.

स्तन्यप्रवृत्तीस अपत्याचा स्पर्श, दर्शन व स्मरण हे हेतू सुश्रुताचार्यांनी सांगितले आहेत, तर स्तन्यनाशास क्रोध, शोक व अवात्सल्य. क्षीरजननार्थ ते प्रथम सौमनस्य उत्पन्न करावयास सांगतात. यव, गोधूम, शाली, विदारी, शतावरी इत्यादी त्यानंतर. चरकोक्त स्तन्यजनन दशेमानीत तर शतावरी नाहीच. शतावरीला उणे लेखण्याचा हेतू नाही; पण ‘मुलगीच झाली’ म्हणून ज्या घरात सर्वांची तोंडे उतरली आहेत, तेथे नुसता कल्प काय करणार? अशा वेळी सूतिकेआधी सासूबाईंशीच बोलावे लागते.

एका बाबतीत मात्र ग्रंथोक्त विधी बाजूस ठेवणे मी योग्य समजतो. पहिल्या दिवसांत मधु-घृत चाटवण्याऐवजी पहिल्या तासातच आईचा चीक द्यावा. बोट्युलिझमच्या धोक्यामुळे वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. सहा महिने निव्वळ स्तन्य, पाणीसुद्धा नाही; पुढे पूरक आहारासह दोन वर्षे वा अधिक.

औषधालयचालकांसाठी एक गोष्ट. १९९२ च्या शिशुदुग्धपर्यायविषयक केंद्रीय कायद्याने दुधाचे डबे व दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने आणि विक्रीसाठीची प्रलोभने निषिद्ध आहेत. २००३ च्या दुरुस्तीने औषधी दुकाने आणि आरोग्यव्यावसायिकांच्या संघटनाही त्याच्या कक्षेत आल्या, म्हणजे आपणही.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा वा अधिक लंगोट ओले होणे, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचे वजन भरून येणे आणि पुढे रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढ, ही खरी लक्षणे. यासाठी चिकित्सालयात बालकांचा वजनकाटा असावा. लंगोट कोरडे राहत असतील, बालक सुस्त पडून पाजण्यासाठीही उठत नसेल किंवा वजन घटतच असेल, तर कल्प देऊन आठ दिवसांनी बोलावू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.