पुणे-जळगाव हवाई अंतर ३२० किलोमीटर. मग विमानाला तासभर का लागतो?

'पुणे ते जळगाव अंतर' असे मोबाइलवर शोधले की दोन आकडे समोर येतात. रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर, हवाई मार्गाने सुमारे ३२०. 'फ्लाय ९१' कंपनीने २०२४ मध्ये या मार्गावर सेवा सुरू केली ती एटीआर ७२-६०० विमानाने. हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. साधा भागाकार केला, तर उत्तर येते ३८ मिनिटे. तिकिटावर मात्र तासाभराच्या आसपास वेळ दिसते. मग वरची वीस-पंचवीस मिनिटे जातात कुठे?

मुळात ३२० किलोमीटर हे दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरावी तसे. विमान त्या दोरीवरून क्वचितच जाते. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि जळगाव आहे ईशान्येला. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे आधी जळगावकडे पाठ करून उडायचे आणि मग वळायचे. उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा पडतोच.

दुसरे म्हणजे वेग. ताशी ५०० किलोमीटर हा उंची गाठल्यानंतरचा आकडा. वर चढताना आणि उतरायच्या तयारीत वेग बराच कमी असतो. एवढ्याशा प्रवासात विमान पूर्ण वेगाने जाते ते मधला काही वेळच. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असला, तरी त्याने वाढतात जेमतेम चार मिनिटे. दोष वाऱ्याला देण्यात फारसा अर्थ नाही.

तिकिटावरची वेळ कोणती?

तिकिटावर असतो तो 'ब्लॉक टाइम'. विमान पार्किंगमधून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पार्किंगमध्ये थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. लोहगाव हे हवाई दलाचेही तळ असल्याने एकच धावपट्टी लढाऊ आणि प्रवासी विमाने वापरतात. तिथली रांगही यातच धरावी लागते. हा वरचा खर्च लांबच्या प्रवासात जाणवत नाही. पुणे-दिल्ली अंतर साडेअकराशे किलोमीटर, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. वेळ लागतो साधारण दुप्पट.

अंतराचा संबंध भाड्याशीही आहे. 'उडान' योजना सुरू झाली तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासासाठी सवलतीच्या आसनांना २५०० रुपयांची मर्यादा होती. अंतर कमी-जास्त झाले की मर्यादाही त्या प्रमाणात बदलते. ही मर्यादा सगळ्या आसनांना नसते, त्यामुळे उशिरा बुकिंग करणाऱ्याने तो आकडा धरून बसू नये.

खरा हिशेब घरापासून

कोथरूडहून लोहगावला तासभर, विमानतळावर दोन तास आधी, प्रवास तासाभराचा, पुढे कुसुंब्याहून जळगाव शहरात अर्धा तास. एकूण साडेचार तास. रस्त्याने आठ-नऊ तास लागतात, तेव्हा बचत चार तासांची आहेच. विमान दोन तास उशिरा निघाले, तर त्यातली निम्मी गेली.

जळगावहून पुण्यात येऊन पुढचे विमान पकडणाऱ्यांनी तर ३८ मिनिटांचा हिशेब विसरलेलाच बरा. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी साधारणपणे थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. मध्ये किमान तीन-चार तास ठेवावेत. पावसाळ्यात त्याहून जास्त.