मांजर अंग कां धरीत नाहीं?

धान्याची राखण मांजर करतें. त्याच्या प्रकृतीकडे मात्र आपण क्वचितच पाहतों. आमची मांजरी दोन महिने वाटीभर दूध पिऊनही वाळतच गेली व तिला ढाळ होऊं लागले. गुरांच्या डॉक्टरांनीं विष्ठा तपासून सांगितलें कीं, पोटांत जंत आहेत. ते उंदीर खाल्ल्यानेंही होतात, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचत नाहीं. त्यांनीं वजन पाहून औषध दिलें. आम्ही दुधाऐवजीं उकडलेलें अंडें व बिनकांट्याची मासळी दिवसांतून चार वेळां थोडथोडी घातली. पावणेदोन किलोंची मांजरी दोन महिन्यांत अडीच किलोंची झाली. मांजरानें दिवसभर अन्न टाकल्यास वाट पाहूं नये. आपल्या चाकरींत जडलेल्या रोगाचा उपाय करणें हें धन्याचेंच कर्तव्य होय.