जेवणाच्या टेबलावर सत्तावन्न टन

गेले दोन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर एक वाघ बसलाय. दुसऱ्या महायुद्धातला, हिटलरच्या सैन्याचा ‘टायगर’ रणगाडा. खरा होता 57 टनांचा. आमचा प्लॅस्टिकचा, सुटे भाग जोडून करायचा, खऱ्याच्या 35 पट लहान.

भाचीने लगेच भागाकार केला. “मामा, 57 भागिले 35. म्हणजे हा दीड टनाच्या वर भरायला हवा. टेबल मोडलं कसं नाही?”

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर अर्धा किलोसुद्धा भरेना! मग एवढं वजन गेलं कुठे?

तुमच्याकडे रुबिक क्यूब असेल तर घ्या हातात. लांबीला तीन ठोकळे, पण सगळे मिळून किती? 3 × 3 × 3, म्हणजे 27. (मधला दिसत नाही, तोही धरायचा हं.) लांबी तिप्पट झाली, की वजन सत्तावीसपट होतं. आता 3 च्या जागी 35 घाला आणि करा गुणाकार: 42,875! खरा टायगर सगळ्या बाजूंनी पस्तीसपट आकसला, तर अगदी पोलादाचा असूनही सव्वा किलोच्या जरासा वर भरेल. त्यात आमचा प्लॅस्टिकचा. पोलाद तेवढ्याच प्लॅस्टिकच्या सातपटींहून जड असतं. शिवाय आमच्या वाघाचं पोट रिकामं, आत इंजिन नाही की दारूगोळा नाही.

खरी गंमत पुढेच आहे. क्यूब टेबलावर ठेवा. ठोकळे 27, पण टेबलाला टेकलेत फक्त 9. म्हणजे खालच्या प्रत्येक ठोकळ्याच्या जागेवर तिघांचा भार. वस्तू जितकी मोठी, तितकं जमिनीवर ओझं जास्त. म्हणून टायगरला 72.5 सेंटिमीटर रुंद पट्टे दिले होते. तरी नखाएवढ्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार यायचाच, आणि चिखलात हे धूड रुतायचं. आमचा मात्र कणकेच्या गोळ्यावरूनही ऐटीत गेला! (आईने पाहिलं नाही.)

टायगर 1942 ते 1944 या काळात बनले, तेराशेहून थोडे जास्त. समोरचा पत्रा 10 सेंटिमीटर जाड. यंत्र म्हणून मला त्याचं नवल वाटतं, पण ज्या गावांवर तो चालून गेला तिथल्या लोकांना काय वाटलं असेल, हेही मनात येतंच.

आता तुम्ही विचाराल, 35 च का? सरळ 30 किंवा 40 का नाही? यामागे आहेत बॅटऱ्या! जपानमधल्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पँथर’ या दुसऱ्या जर्मन रणगाड्याचं, मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं मोठं केलं, झालं. नंतर मोजलं, तर ते खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचं निघालं. तेव्हापासून जगभर रणगाड्यांची मॉडेलं याच मापात निघू लागली.

जोडकामाचंही एक गुपित आहे. चौकटीला चिंचांसारखे लटकलेले भाग नेलकटरने तोडायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि चिकटवायचे. पण त्यासाठी वापरायचा द्रव म्हणजे काही डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग चक्क विरघळवतो. दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि दोनाचा एकच तुकडा उरतो. त्याचा वास वाईट, म्हणून खिडकी उघडी हवी आणि शेजारी मोठं माणूस हवं.

मग आली चाकं. टायगरला एकेका बाजूला आठ आस आणि प्रत्येकावर तीन चाकं, शेजारच्या आसावरच्या चाकांत शिरलेली, चटईच्या विणीसारखी. त्यामुळे वजन छान वाटलं जायचं. पण रशियातल्या थंडीत चाकांमधला चिखल रात्रीत गोठायचा आणि सकाळी वाघ जागचा हलेना. आतलं एखादं चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी आधी काढावी लागत.

हे मी भाचीला अगदी रंगवून सांगत होतो. तिने शांतपणे ताटलीत बोट दाखवलं. तिसऱ्या आसाचं आतलं चाक तिथेच पडलं होतं. वरची पाच आम्ही केव्हाच चिकटवून बसलो होतो.

“मामा,” ती म्हणाली, “नेलकटर देऊ?”