संगणक कोणत्या भाषेत बोलतो?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीपुरतेच पांढुर्ण्याचे नाव एरवी वृत्तपत्रांत झळकते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर हा मराठीबहुल भाग छिंदवाड्यातून वेगळा काढून मध्य प्रदेश शासनाने त्याचा स्वतंत्र जिल्हा केला, तेव्हा त्या संत्र्यांच्या मुलखाकडे पुन्हा क्षणभर लक्ष गेले. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी आणि नवे हिशेब. शाळांच्या हिशेबात संगणक व इंटरनेट यांचाही रकाना असतो. त्या रकान्याविषयीच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

देशभरच्या शाळांची ही मोजदाद केंद्र सरकार ‘यूडायस प्लस’ या नावाने करते. २०२४-२५ सालच्या आकड्यांनुसार संगणकाची सोय असलेल्या शाळा शेकडा ६४.७ आणि इंटरनेट असलेल्या ६३.५ आहेत; आदल्या वर्षी हेच प्रमाण ५७.२ व ५३.९ होते. वाढ झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्र शाळेत आहे, इथवरच हा आकडा आपणांस आणून सोडतो. ते कपाटात कुलुपबंद आहे की मुलांच्या हाती, ते कसे वापरावे हे गुरुजींना कोणी शिकविले, बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस कोठून यावयाचा, हे त्यातून उमगत नाही. पेरू देशात दहा लाखांवर लॅपटॉप वाटले गेले. अध्यापनाशी त्यांची सांगड न घातल्याने मुलांचे शिकणे सुधारले नाही, असे युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात नमूद आहे. (गोमंतकातील सायबरएज योजना आठवणाऱ्या वाचकांस पेरू फार दूर वाटू नये.)

पांढुर्णा-सौंसरात मात्र याहून मूलभूत प्रश्न आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसरचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०क हा अनुच्छेद आला: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. ‘पुरेशा’ हा शब्द घटनेचाच आहे, आणि साधनांचे मोजमाप करणाऱ्याने तो विसरता कामा नये. घरात मराठी बोलणारे मूल हिंदी राज्याच्या शाळेत बसते. पुस्तकावरील चौकोनी चिन्हातून उघडणारा धडाही पुस्तकाच्याच भाषेत बोलणार. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर मराठी धडे आहेत; पण ते महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमासाठी रचलेले. दोन्ही राज्यांचे पाठ ताडून कोणता मराठी धडा कोठे उपयोगी पडेल याची यादी करणे, हे काही नवी यंत्रे घेण्याइतके खर्चाचे काम नव्हे. ते करावयाचे कोणी, एवढाच प्रश्न.

मध्य प्रदेशाला याचा धडा बाहेरून घेण्याची गरजही नाही. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. मुलाने स्वतः कोणता प्रयोग करावयाचा हे आधी ठरे, आणि त्याला लागेल तेवढे स्वस्त साहित्य पेटीत येई. शिक्षकांच्या मासिक बैठका होत. काय जमले, काय फसले, ते तेथे बोलले जाई. तो अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ साली शासनानेच बंद केला. का केला, हा वाद निराळा; साधने कशी पारखावीत याचा इतका सुबोध नमुना घरातच असताना आज मात्र यंत्रांच्या याद्याच मागविल्या जातात, याचे आम्हांस नवल वाटते.

पांढुर्ण्याच्या शिक्षण खात्याने येत्या सत्रात त्या यादीसोबत प्रत्येक शाळेकडून आणखी एक कागद मागवावा: गेल्या महिन्यात कोणते धडे पडद्यावर शिकविले, ते कोणत्या भाषेत होते, आणि त्यांतले किती नंतर मराठीतून पुन्हा समजावून सांगावे लागले. तो भरावयास गुरुजींना अर्धा तास पुरेल.