रिपोर्टात ‘शून्य’ आले म्हणून सारे संपले नाही



उसाची उगवण विरळ झाली तर आपण आधी बेणे उकरून पाहतो. घरात पाळणा हलला नाही की मात्र सगळ्यांची बोटे सुनेकडे! तिला तालुक्याला न्यायचे, मग जिल्ह्याला, नवस-अंगारे वेगळेच. दोन-चार वर्षे अशी गेली की दुसऱ्या लग्नाची कुजबूज सुरू. मुलाची तपासणी? तो तालमीतला गडी, त्याला काय धाड भरली आहे! वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचाही दोष असतो. म्हणून संकोच सोडून आम्ही हा विषय घेत आहोत.

वीर्यतपासणी साधी व स्वस्त आहे. एकही शुक्रजंतू दिसला नाही तर रिपोर्टावर ‘अझूस्पर्मिया’ असे लिहून येते. एका रिपोर्टावर विसंबू नये, पुन्हा तपासावे. दुसऱ्यांदाही शून्य आले तर प्रश्न एवढाच उरतो, की विहीर आटली आहे की पाट बुजला आहे?

जुना संसर्ग, जन्मतःच नळी नसणे किंवा नसबंदी, अशा कारणांनी पाट बुजतो. वृषणात शुक्रजंतू तयार होत असतात, पण बाहेर येत नाहीत. अशा वेळी डॉक्टर जागा बधिर करून सुईने ते आतूनच काढून घेतात. या रुग्णांत ते बहुधा मिळतातच आणि माणूस बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतो. नसबंदीवाल्याला नळी पुन्हा जोडून घेण्याचाही मार्ग असतो, तो आधी विचारावा.

विहीरच आटली असेल तर काम अवघड. भूल देऊन वृषण उघडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या केसासारख्या नळ्या न्याहाळतात. त्यांतली एखादी जाडसर, पांढुरकी दिसली तर तेवढीच काढतात. खडकात झरा शोधावा तसे. सुमारे निम्म्या जणांत शुक्रजंतू सापडतात, बाकीच्यांत नाही. हे तोंडावर सांगणाराच डॉक्टर खरा. त्याआधी रक्तातील हार्मोन व गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. वाय गुणसूत्राचे काही ठरावीक भाग नसतील तर शस्त्रक्रियेचा उपयोगच होत नाही.

तालमीतल्या पोरांसाठी जाता जाता एक. अंग भरण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली की वृषणाचे काम थंडावते. पुष्कळांचे शून्य तिथूनच येते, आणि इंजेक्शने बंद केल्यावर काही महिन्यांनी अनेकांचे शुक्रजंतू परततातही.

काढलेले शुक्रजंतू थोडे आणि दुबळे असतात. म्हणून प्रयोगशाळेत एकेक शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. याला ‘इक्सी’ म्हणतात. बेल्जियममधील ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ही पद्धत यशस्वी केल्याचे जाहीर केले, तेव्हापासून वरच्या शस्त्रक्रियेला खरा अर्थ आला. म्हणजे दोष नवऱ्यात असला तरी स्त्रीबीज काढण्यासाठी इंजेक्शने बायकोलाच सोसावी लागतात, हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे. तिचे वय वाढेल तसे यश घटते. अंगाऱ्यात घालवलेली वर्षे इथे महाग पडतात.

खर्च मोठा आहे आणि हमी नाही. २०२१ च्या कायद्याने अशा दवाखान्यांना नोंदणी सक्तीची आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. शुक्रजंतू सापडलेच नाहीत तर पुढे काय, किती पैसे परत मिळणार, हेही लेखी घ्यावे.