पायी फोबोसची परिक्रमा

चंद्रपूरचा परकोट सुमारे 11 किलोमीटरचा. जटपुरा गेटपासून निघून पठाणपुरा करून परत यायला एक सकाळ पुरते. मग एखाद्या चंद्रालाच असा पायी वेढा घालता येईल का?

मंगळाचा चंद्र फोबोस घ्या. लांबी 26 किलोमीटर, रुंदी 23, जाडी 18, बटाट्यासारखा ओबडधोबड. आपल्या मंगळयानाने 1 जुलै 2020 रोजी काढलेल्या त्याच्या फोटोत स्टिकनी नावाचं 9 किलोमीटर रुंदीचं विवर दिसतं. फोबोसचा सगळा पृष्ठभाग मिळून साधारण 1,550 चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोअर आणि बफर धरून 1,727! अख्खा चंद्र सोलून अंथरला तरी ताडोबात मावेल, वर जागा उरेल.

फोबोसचा परीघ सरासरी 70 किलोमीटर. जंगलात पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला हे अंतर तीन-चार दिवसांचं. पण फोबोसवर चालायचं कसं? चालणं म्हणजे दर पावलाला थोडं पुढे पडणं आणि सावरणं. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या सुमारे 1,700 व्या भागाइतकं; 60 किलोच्या माणसाचं वजन आपल्या काट्यावर 35 ग्रॅम भरेल. पडायलाच वेळ लागतो, म्हणून पाऊलही रेंगाळतं. सेकंदाला जेमतेम 5 सेंटिमीटर, याहून फार घाई केली की पाय जमीन सोडतात. या चालीने न थांबता फेरी पुरी व्हायला 16 दिवस लागतील! इथे अर्धा मीटर उंच उडणारा तिथे तेवढ्याच जोरात पाऊण-एक किलोमीटर वर जाईल आणि वर जाऊन परत खाली यायला एकूण पाव तासाहून जास्त वेळ घेईल.

मला सगळ्यात भारावून टाकतं ते तिथलं आकाश. फोबोसची एकच बाजू कायम मंगळाकडे असते, त्यामुळे मंगळ तिथे उगवत नाही, मावळत नाही. पलीकडच्या बाजूने चालत या, तर क्षितिजावर त्याची तांबूस कड दिसू लागेल आणि तुम्ही पुढे सराल तसतसा तो वर चढेल, आपल्या चंद्राच्या ऐंशीपट रुंद. थांबलात की तोही थांबेल. सूर्य मात्र दर 7 तास 39 मिनिटांनी नवा दिवस आणेल. एका फेरीत असे पन्नासेक दिवस उजाडतील.

फोबोस दर शतकात जवळजवळ 2 मीटर मंगळाकडे सरकतो आहे. काही कोटी वर्षांत तो एकतर फुटेल, नाहीतर मंगळावर आदळेल.